समुद्राची चौकशी

परवा संध्याकाळी एक गृहस्थ आमच्या फाटकाशी मोटारसायकल लावून उभे राहिले. शेजारच्या बंद दाराकडे बघत म्हणाले, "इंगळे काकू नाईत काय? पोरीले स्थळ आलं हाय मेहकरकडचं. म्हटलं, काकू एक चक्कर मारून येतीन." काकू आता पुण्याला, मुलाकडे असतात, असं मी सांगितलं. त्यांचा चेहरा असा पडला, जसं काही मीच त्यांच्या मुलीचं लग्न मोडलं. "मंग आता पाहाले कोन जाईन?" असं स्वतःशीच म्हणत ते गेले, आणि मी कुंड्यांना पाणी घालायचं सोडून त्या बंद दाराकडे बघत बसले.

आमच्या चिखलीत लग्न जुळवणारे पुष्कळ आहेत. प्रमिलाकाकूंनी आयुष्यात एकही लग्न जुळवलं नव्हतं, म्हणजे अगदी शेवटी एक जुळवलं, ते पुढे येईल. काकू तपासायच्या. कुणाच्या मुलीला स्थळ आलं, की बाप आधी काकूंकडे यायचा. काकू कापडी पिशवी खांद्याला लावायच्या, छत्री घ्यायच्या, ऊन असो नसो, आणि त्या गावी जाऊन यायच्या. याचं त्या कुणाकडून काही घेत नसत. फक्त दिवस मावळायच्या आत घरी आणून सोडायचं, एवढीच अट.

त्यांची पद्धत ठरलेली होती. मुलाच्या घरी आधी जायचंच नाही. आधी गाठायची पिठाची चक्की. "चक्कीवाल्याले सारं माहीत राह्यते," काकू म्हणायच्या. "दळन कोन आनते? पोरगा आनते का सुनेच्या डोक्शावर देतेत? इथंच अर्धी परीक्षा झाली, बाप्पा." मग चहाची टपरी, मग शेजारीण, आणि सगळ्यात शेवटी घर. घरात जेवायला बसायचं, आणि वाट बघायची. कशाची? तर घरच्यांनी मुलाचा एखादा दोष आपणहून सांगण्याची. "पोरगा सोन्यावानी हाय, असं सारेच म्हनतेत. ज्या घरात माय आपल्या पोराचा एक तरी अवगुन सांगते, तिथं डोये झाकून पोरगी द्यावी."

माझं लग्न याच परीक्षेतून पार पडलं. काकू माझ्या सासरी जाऊन आल्या आणि चपला काढायच्या आत बाबांना म्हणाल्या, "देऊन टाका. माय म्हने, पोरगा भला हाय, पन सकाळी उठता उठत नाई." सासूबाई खरं बोलल्या होत्या. लग्नानंतर आम्ही चिखलीतच, काकूंच्या शेजारी राहिलो, आणि ते आजही उठत नाहीत. पण त्याखेरीज दुसरी तक्रार करायला मला एवढ्या वर्षांत जागा मिळाली नाही, हेही सांगितलं पाहिजे.

काकूंचा हा नाद कुठून आला, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, मेथी निवडताना. त्यांची धाकटी बहीण होती, बेबी. तिचं लग्न वडिलांनी एसटीत शेजारी बसलेल्या एका गोड बोलणाऱ्या माणसाच्या शब्दावर ठरवलं. कोणी जाऊन पाहिलं नाही. बेबीचं पुढे काय झालं ते काकूंनी सांगितलं नाही. "कोनीच गेलं नाई वं पाहाले," एवढंच म्हणाल्या आणि निवडलेली जुडी पुन्हा निवडायला घेतली.

अशा बाईच्या घरात इंगळे सर म्हणजे अगदी दुसरं टोक. सर भूगोल शिकवायचे. माणूस कुणावरही विश्वास ठेवायचा: भाजीवाल्यावर, वर्तमानपत्रावर, हवामानखात्यावरसुद्धा. घरातही पुस्तकी बोलायचे. "प्रमिला, मीठ किंचित न्यून आहे." काकू म्हणायच्या, "न्यून काय न्यून, खा गपचूप," आणि मीठ आणून द्यायच्या. साऱ्या गावासारखं त्याही नवऱ्याला 'सर'च म्हणायच्या.

सरांच्या हाताखालून गेलेल्या कुणालाही विचारा, त्याला दुसरं काही आठवो न आठवो, कढई आठवते. पृथ्वी गोल आहे हे शिकवायचं असलं, की सर शाळेतली खिचडीची मोठी कढई मागवून टेबलावर पालथी घालायचे. काडेपेटीत एक काडी उभी खोचायची आणि ती काडेपेटी कढईच्या पलीकडून हळूहळू वर सरकवायची. पोरांनी डोळे कढईच्या पातळीला आणून बघायचं. आधी काडीचं टोक, मग काडी, मग काडेपेटी. "समुद्रावर दुरून येणाऱ्या जहाजाचं असंच असतं. आधी शिडाचं शिखर दिसतं, मग बूड. पृथ्वी सपाट असती, तर सगळं एकदम दिसलं असतं." सगळा वर्ग हाताला काजळी लावून घरी जायचा. सरांनी स्वतः समुद्र पाहिला नव्हता. ते त्यांना कधी कुणी विचारलंही नाही.

मग सरांचे डोळे गेले. एकदम नाही. दाराच्या चौकटीला खांदा लागायला लागला, ताटातली डावीकडची चटणी तशीच राहायला लागली. पेपरातलं बारीक अक्षर मात्र सर खडाखड वाचायचे, त्यामुळे आम्हाला वाटायचं, वयामुळे धांदरट झालेत. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, नजर कडेनं मिटत चालली आहे. समोरचं तेवढं एक गोल दिसतंय आणि ते लहान होत जाईल. औषधानं वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. "काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या," डॉक्टर सहज म्हणाले. माणसं तिरुपती म्हणतात, काशी म्हणतात. सर म्हणाले, "मला जहाज वर येताना पाहायचं आहे."

किनाऱ्यावर बसून ते दिसायला नशीब लागतं. भर समुद्रातच जायला हवं. म्हणजे मोठ्या जहाजाची सहल. मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, मोबाइलवर दोन मिनिटांत बुक करून टाकतो." काकू फोनवर कडाडल्या, "दोन मिनिटांत ठरवलेली लग्नं पाह्यली म्या!" सरांना पाण्यावर न्यायचं, म्हणजे कुणाच्या तरी हवाली करायचं. आणि हवाली करायचं, तर आधी माणूस तपासायचा. काकूंनी पिशवी काढली.

पहिला एजंट गावातलाच. काचेचं दार, आत गार हवा, भिंतीवर पांढरं जहाज. काकूंनी त्याला घरी जेवायला बोलावलं. एजंटला जेवायला बोलावतात, हे त्याच्या ऐकिवात नव्हतं, तरी बिचारा आला. भरीत-भाकरी वाढली. काकूंनी विचारलं, "जहाजावर ज्वारीची भाकर भेटन काय?" तो म्हणाला, "भेटन की काकू, सगळं भेटते." काकूंनी आणखी एक भाकरी वाढली. "आन समुद्र हालनार तर नाई?" तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "बिलकुल नाही. माझी गॅरंटी." तो गेल्यावर काकू कपाळावर हात मारून घेत माझ्याकडे आल्या. "समुद्राची गॅरंटी देऊन राह्यला थो! वं, समुद्र काय त्याच्या बापाच्या वावरात हाय?"

दुसरं ऑफिस संभाजीनगरचं, मोठ्या इमारतीत; तिथं सरांना घेऊन आम्ही दोघी गेलो. तिथली मुलगी हुशार होती, चेहऱ्यानं गोड होती. पण ती सरांशी जरा जोरात आणि लहान मुलाशी बोलावं तशी बोलायला लागली, "आजोबा, तुम्ही ना, मस्त डेकवर बसायचं हं." तिनं पाण्याचा पेला सरांच्या उजव्या हाताशी ठेवला. सरांना तो दिसला नाही. पेला लवंडला, टेबलावरचे कागद भिजले, आणि ती चटकन म्हणाली, "अहो, सांभाळा ना जरा!" लगेच ओशाळली, हेही खरं. पण काकू उठल्या होत्या. सरांचा ओला हात पदरानं पुसत म्हणाल्या, "चला." मी म्हटलं, एवढ्यावरून कशाला? त्यावर काकू बसस्टँड येईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

असे आणखी काही झाले. एकानं सारखा मोबाइल बघितला, एकानं बायकोवर खेकसून फोन ठेवला, एक तर न बोलावता मिठाई घेऊन आला, तो दारातूनच परत. थंडी सरत आली. पावसाळ्याआधी ही जहाजं बंद होतात, हे सर रोज पेपर बाजूला ठेवून एकदा सांगायचे. मला काकूंचा राग यायला लागला होता. आता तपासणं पुरे, असं मी दोनदा बोलूनही दाखवलं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मग एक दिवस अंगणात भाजीची टोपली सरांच्या पायाखाली आली आणि सर पडले. लागलं नाही फारसं. पण उठून बसल्यावर, मी समोर असताना, त्या शांत माणसानं आवाज चढवला. "प्रमिला, तू जावई शोधत नाहीस! माझी खिडकी लहान होत आहे, हे तुला दिसत नाही का?" काकू खाली बसल्या. सांडलेली वांगी वेचत राहिल्या. एक वांगं फाटकापर्यंत गडगडत गेलं होतं, ते मी आणून दिलं, तर माझ्याकडे न बघता घेतलं.

संतोष आला तो त्याच आठवड्यात. बसस्टँडजवळ त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, त्यातच एका बाजूला अष्टविनायक, बालाजी अशा यात्रांची पाटी. मूळचा दुसरबीडचा. त्यालाही भरीत-भाकरी. काकूंनी प्रश्न टाकले. ज्वारीची भाकर? "नाही मिळणार काकू. तुम्ही खाकरे, धपाटे घेऊन जा, पण तेही चालतं का ते मला विचारून सांगावं लागंल." समुद्र हलेल? "हलणारच. उलटी होऊ शकते. गोळी देईन, पण सगळ्यांना लागू पडती असं नाही." तू गेला काय जहाजावर? संतोषनं घास खाली ठेवला. "नाही. खरं सांगायचं तर मी अजून समुद्रच पाहिला नाही. हे माझं पहिलंच काम होईल."

संपलं, असं माझ्या मनात आलं. पण तेवढ्यात तो सरांकडे वळला, त्यांच्या अगदी समोर सरकून बसला आणि म्हणाला, "सर, तुम्हाला नेमकं काय बघायचंय?"

इतक्या एजंटांत हा प्रश्न कुणी सरांना विचारला नव्हता. सगळे काकूंशी बोलायचे. सरांनी कढई मागितली. उष्ट्या ताटांच्या मधोमध कढई पालथी पडली, काडेपेटीत काडी खोचली गेली, आणि तो पोरगा भाकरीचा हात तसाच वर धरून जमिनीला डोळे लावून बघत बसला. "म्हणजे सर, पुष्कळ वेळ मोकळ्या पाण्याकडं बघता आलं पाहिजे. खोलीला गॅलरी पाहिजे. मुंबईहून गोव्याकडं जाताना जमीन एका बाजूला राहील. आपल्याला दुसरी बाजू मागावी लागंल." सर आनंदानं जवळजवळ ओरडलेच, "जाताना उजवी!"

संतोष गेला आणि काकू म्हणाल्या, "पोट्टा बरा हाय. उद्या दुसरबीडले जाऊ."

मी हात जोडले. पण त्यांच्या आवाजात आज घाई होती, ती मला नवीन होती. दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवर आम्ही निघालो. दुसरबीडला रस्त्याकडेच्या चक्कीवर काकू उतरल्या. चक्कीवाला म्हणाला, दळण संतोषच आणतो, गावी असला की. मग टपरीवर: पिते-बिते काय, घरात भांडन-तंटा, भाऊ किती, शेती किती. मी कानात म्हटलं, "काकू, शेतीशी आपल्याला काय करायचं?" त्या म्हणाल्या, "सवय पडली वं."

ही सवयच नडली. आम्ही घर विचारत पोचेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. दार सारवलेलं, ओसरीवर नवी सतरंजी. संतोषची आई घडीचं लुगडं नेसून उभी, एक काका टोपी सारखी करत बसलेले. आम्ही टेकतो न टेकतो तोच पोहे आले, वर खोबरं, तळलेले शेंगदाणे. संतोषच्या वहिनीनं आम्हाला नवीन बांधलेलं न्हाणीघर दाखवलं, आणि नळ सोडूनही दाखवला. काका खाकरले. "तर मुलगी काय शिकली म्हनायची?"

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी आयुष्यभर लोकांची घरं तपासली, पण असं भलत्याच पाटावर त्यांना कुणी बसवलं नव्हतं. मला हसू आवरेना, म्हणून मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. आता काकू काय थाप मारतात, हे मला बघायचं होतं.

काकूंनी बशी खाली ठेवली. "माय, माफ कर. म्या पोरीचं स्थळ घेऊन नाई आली." काकांचा हात टोपीवरच राहिला. "माह्या मानसाचे डोये चालले. त्याले समुद्र पाहाचा हाय. तुह्या पोराच्या हाती माह्या मानसाले देऊन राह्यली, म्हनून घर पाहाले आली."

काका टोपी काढून पुन्हा घालू लागले. आईनं मात्र काकूंकडे बराच वेळ बघितलं. मग ती जवळ सरकली. "मंग तर लेकीहून जास्त जोखीम झाली की, बाई." पदरानं तोंड पुसत ती पुढे म्हणाली, "एक सांगून ठिवते. लेकरू मव्हं इमानी हाय, पर भिडस्त लय. कुनी दाटून बोललं का गप ऱ्हातंय. तिथं काई कमी-जास्त झालं, तर त्याच्या मागं लागा, सोडू नका."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. बशी पुन्हा हातात घेतली आणि उरलेले पोहे शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत खाल्ले. निघताना त्या माउलीच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तुह्या पोह्याचं उसनं राह्यलं माह्यावर." ते त्यांनी पुढे फेडलंही. सुलतानपूरची एक मुलगी त्यांनी संतोषसाठी शोधली. काकूंनी जुळवलेलं ते एकुलतं एक लग्न.

जहाजावर मीही गेले. सोबत कुणीतरी हवं, असं संतोष म्हणाला, आणि काकूंनी मला न विचारता माझं नाव सांगून टाकलं. बंदरापर्यंत संतोष आला. उजवीकडची खोली मिळाल्याची त्यानं तीनतीनदा खात्री करून घेतली, पहिल्या वेळी समोरचा बाबू खेकसला तेव्हा गप्प बसला, मग काकूंनी कोपर मारल्यावर पुन्हा विचारलं. आम्ही आत गेलो तेव्हा तो धक्क्यावर उभा राहून समुद्राकडे बघत होता. तोही पहिल्यांदाच बघत होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पहिला दिवस वाया गेला. सर गॅलरीत बसले, पण त्यांना दिसणारं ते गोल आता रुपयाएवढं उरलं होतं. एवढ्या पाण्यात जहाज कुठून येणार, तिकडे ते गोल नेऊन ठेवायचं कसं? लोक बोट दाखवायचे, सर मान वळवायचे, पण त्यांना नुसतं निळं दिसायचं. तोवर जहाज पुरतं वर आलेलं असायचं. "समुद्र उत्तम आहे," सर म्हणाले, पण त्या रात्री जेवले नाहीत.

सकाळी मी गॅलरीत आले तर काकू कठड्याला टेकून उभ्या होत्या. पोटात मळमळत होतं, तरी गोळी घेतली नव्हती, झोप येते म्हणून. नवऱ्या मुलाचं घर बघावं तशा त्या समुद्राची कड बघत होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. अचानक वळल्या, आणि सरांचं डोकं दोन्ही हातांत धरलं. चारचौघांत नवऱ्याशेजारी कधी बसली नाही, ती बाई. कानांवर तळवे ठेवून त्यांनी ते डोकं थोडं उजवीकडे वळवलं, थोडं उचललं, आणि धरून ठेवलं.

"हालू नका. सरळ पाहा."

"नुसती रेषा आहे, प्रमिला."

"हाव. थांबा. येऊन राह्यलं."

मलाही नीट दिसत नव्हतं अजून. रेषेवर एक बारीक ठिपका होता, इतकंच.

"शिखर आहे का?" सरांनी विचारलं.

खोटं बोलून त्यांना खूश करणं किती सोपं होतं. पण चौकशीत काकूंनी कधी खोटं सांगितलं नव्हतं. "शीड-गीड काई नाई. डबे हायेत. मालगाडीवानी. लाल, निळे. नुसते डबेच पान्यावर ठेवल्यावानी दिसून राह्यले."

सर श्वास धरून बसले. मग त्यांचा हात वर आला आणि काकूंच्या मनगटाला धरून राहिला. "दिसलं. डबेच आहेत. खाली काही नाही." बराच वेळ गेला. "आता... आता खाली काळं येत आहे. बूड येत आहे, प्रमिला! ते खालून वर येत आहे!"

काकूंनी डोकं जरासुद्धा हलू दिलं नाही. जहाज पूर्ण वर आलं, आडवं झालं, जाऊ लागलं, आणि त्याच्याबरोबर काकू सरांचं डोकं हळूहळू फिरवत राहिल्या. सर रडत होते. "इतकी वर्षं मी चौकशी न करताच शिकवलं मुलांना," ते म्हणाले. "खरं निघालं गं."

"मंग," काकू म्हणाल्या. "निघनारच होतं."

सरांचं ते गोल पुढच्या दिवाळीपर्यंत मिटलं. मुलानं पुण्याला न्यायचं ठरवलं. सामान आधी गेलं होतं, गाडी दारात उभी होती. सर मागच्या सीटवर काळा चष्मा लावून बसले. काकूंनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, पिशवी नि छत्री घेऊन त्या त्यांच्या शेजारी बसल्या. मी माझ्या फाटकाशी उभी होते, रडणार नाही असं ठरवून.

गाडी सुरू झाली तशी काकूंनी काच खाली केली. सरांचं डोकं दोन्ही हातांत धरलं, जरा डावीकडे वळवलं, जरा उचललं, आणि माझ्यावर आणून ठेवलं.

"इथं उभी हाय. फाटकाशी. रडून राह्यली."

सरांनी हसून हात केला, अगदी नेमका माझ्याकडे. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत काकूंचे हात तिथंच होते.